पाटलाच्या रक्ताची प्लेट

माझ्या नोकरीबद्दल लोकांनी मला जन्मभर एकच प्रश्न विचारला, "हात धुतले ना?" बारशाला गेले की हमखास. विचारणारी हसत विचारायची, पण उत्तर मिळेपर्यंत बाळ काही माझ्या हातात द्यायची नाही. पुढे पुढे मी दारातूनच "धुतलेत हो" असं सांगून आत शिरायला लागले, आणि त्यानंतर बारशांना जाणंच कमी केलं.

मी नागपुरात जनावरांच्या रोगनिदानाच्या सरकारी प्रयोगशाळेत होते, जंतू विभागात. मेलेल्या कोंबड्या, म्हशींचं नासलेलं दूध, गाईंचे पडलेले गर्भ, कुत्र्यांच्या कानातला पू, हे सगळं माझ्या टेबलावर यायचं. त्यातले जंतू वाढवायचे, ओळखायचे, आणि ते कोणत्या औषधानं मरतात ते सांगायचं, एवढंच काम. यातले बरेच जंतू जनावरापुरते राहत नाहीत. धार काढणाऱ्याच्या चिरलेल्या बोटातून, कच्च्या दुधातून, कोंबडी कापणाऱ्याच्या हातातून ते माणसात येतात. म्हणजे बारशातला प्रश्न शास्त्राला धरूनच होता. तरी वाईट वाटायचंच.

काम समजायला अवघड नाही. एका चपट्या झाकणाच्या बशीत फिकट पिवळी जेली ओतायची. या बशीला आम्ही प्लेट म्हणतो. जेली गोठली की तिच्यावर कापसाच्या बोळ्यानं जंतू पसरायचे, अंगण सारवतात तसे, कुठे कोरडं सुटू द्यायचं नाही. मग त्यावर टिकलीएवढे कागदाचे गोल तुकडे ठेवायचे. प्रत्येक टिकलीत एकेक औषध भिजवून वाळवलेलं असतं. प्लेट रात्रभर उबेला ठेवली की सकाळी तिच्यावर जंतूंचा पांढुरका थर आलेला असतो, आणि जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ पडलेलं असतं. वर्तुळ मोठं असेल तर औषध कामाचं. वर्तुळच नसेल तर जंतू त्या औषधाला भीक घालत नाही असं समजायचं. पट्टी लावून वर्तुळ मोजायचं, खाली सही करायची, की डॉक्टर लोक मोकळे.

मी लागले तेव्हा वर्तुळं मोठी असायची. कधी कधी तर दोन टिकल्यांची वर्तुळं एकमेकांत मिसळायची आणि मोजायची पंचाईत व्हायची. तशी पंचाईत पुढे फारशी झाली नाही. वर्षागणिक वर्तुळं आकसत गेली, आणि ती आकसताना पाहणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

एकटी म्हणजे अक्षरशः. जेली ओतताना आणि जंतू पेरताना दार बंद ठेवावं लागतं, आणि पंखाही बंद, नाहीतर वाऱ्यानं धूळ येऊन प्लेटवर बसते. समोर बर्नरची ज्योत पेटलेली, कारण तार प्रत्येक वेळी त्यात लाल करून घ्यायची असते. आता नागपूरचा मे महिना, बंद खोली, पंखा नाही आणि पुढ्यात जाळ! कोण येऊन बसणार? आणि बोलायचीही मनाई. तोंड उघडलं की तोंडातलेच जंतू प्लेटवर पडतात. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावायचे, "ज्योतीसमोर तोंड उघडायचं नाही." त्या दोन दिवस ऐकायच्या, मग बदली मागून मोकळ्या व्हायच्या. मी मात्र तिथेच राहिले. मुळात बोलकी होते मी, कुणाला खरं वाटत नाही आता. घर शहराबाहेर, वाडीला. तिथे आई होती, तिला शेवटी ऐकू येत नसे, मग तीही गेली. भाऊ बंगलोरला. लग्न राहून गेलं. काही विशेष कारण नाही, गेलं राहून.

गिऱ्हाइकं मात्र मजेशीर यायची. एक गवळी होता, त्याची म्हैस सडाला हात लावू देईना, दुधात गाठी यायला लागल्या. मी म्हटलं, दूध स्वच्छ बाटलीत आणा. तो घेऊन आला तो दारूच्या पव्व्यात!

"अहो, यात?"

"धुऊन आनली ना मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही सांगतलं तशीच. घासून घासून."

दोन दिवस प्लेट कोरी. एक जंतू उगवेना. इकडे म्हशीचा सड सुजून टणक, आणि माझी प्लेट आरशासारखी लख्ख. मी गवळ्याला बोलावून विचारलं, बाटली कशानं धुतली? तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, "फिनाईलनं!" बाटलीला राहिलेल्या फिनाईलनं दुधातले जंतू वाटेतच मारून टाकले होते. मी हसले, पण त्या पव्व्यानं मला एक गोष्ट पक्की शिकवली. प्लेट कोरी आली म्हणजे जंतू नव्हतेच असं नाही. वाटेत कुणीतरी त्यांना मारलेलंही असू शकतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा होता हिंगण्याकडचा पोल्ट्रीवाला. त्याला निदानात रस नव्हता. त्याला फक्त सगळ्यात तगड्या औषधाचं नाव पाहिजे होतं. कोंबड्यांना तो रोज पाण्यातून औषध पाजायचा, आजार व्हायच्या आधीच. त्याच्या कोंबडीची प्लेट मी त्याच्यासमोर धरली. टिकल्याच टिकल्या, एकीभोवतीही वर्तुळ नाही.

"मंग आता कोनतं देऊ?"

"आता कोणतंच नाही."

"असं कसं? एखांदं असनच. तुम्ही लपवून राहिल्या मॅडम."

तो रागावून गेला. पुढे काही महिन्यांनी पुन्हा आला, या वेळी कोंबडी नव्हती. त्याची आई दवाखान्यात होती, लघवीचा संसर्ग रक्तात गेला होता, आणि तिथल्या डॉक्टरांनीही त्याला हेच सांगितलं होतं की औषधं चालत नाहीत. तो माझ्याकडे काय मागायला आला होता त्याचं त्यालाच कळत नव्हतं. आईचा जंतू त्याच्या कोंबड्यांकडून आला का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कारण तो जंतू माझ्याकडे तपासायला आलाच नव्हता. बाकड्यावर बराच वेळ बसून तो उठून गेला. त्याच्या आईचं पुढे काय झालं मला माहीत नाही. आमच्या कामात हे असंच असतं. लोक उत्तर घेऊन जातात, पुढची गोष्ट सांगायला कुणी परत येत नाही. नोकरीभर मी अर्ध्या गोष्टी ऐकत बसले.

पूर्ण कळली अशी एकच गोष्ट, दादारावची.

प्रयोगशाळेच्या मागे एक गोठा होता आणि त्यात तीन मेंढे. बाहेरच्यांना वाटायचं साहेबांच्या पार्टीसाठी पाळलेत. ते होते रक्तासाठी. काही नाजूक जंतू साध्या जेलीवर उगवत नाहीत, त्यांना जेलीत रक्त मिसळून द्यावं लागतं, आणि त्यासाठी मेंढीचं रक्त उत्तम. आमच्याकडून ते शहरातल्या दवाखान्यांच्या लॅबलाही जायचं. तेव्हा नागपुरातल्या कितीतरी माणसांच्या तापाचं निदान आमच्या मेंढ्यांच्या रक्तावर व्हायचं, आणि त्यांना त्याचा पत्ता नसायचा.

हे मेंढे सांभाळायचा दादाराव. उमरेडकडचा, सडपातळ, कायम डोक्याला पंचा. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. गोठ्यालगतच्या खोलीत राहायचा. तिघांतला सगळ्यात मोठा मेंढा त्यानं लहानाचा मोठा केलेला. त्याचं नाव त्यानं ठेवलं होतं पाटील, कारण तो कुणासाठी बाजूला सरकायचा नाही. "उठा पाटील, सरका पाटील, लेंड्या काढू द्या पाटील," हे सकाळी खिडकीतून ऐकू आलं की मी बंद खोलीत एकटीच हसायचे.

रक्त काढायच्या दिवशी आम्ही दोघं आणि मेंढा. बाकीच्या दोघांना धरून ठेवावं लागायचं. पाटलाचं तसं नव्हतं. दादाराव त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि "चाल गा पाटील" म्हणाला, की पाटील आपण होऊन मान वर करायचा. मी मानेच्या शिरेत सुई घालायची, रक्त काचेच्या मण्यांच्या चंबूत उतरायचं, आणि ते गोठू नये म्हणून दादाराव चंबू गोल गोल फिरवत राहायचा. मणी आधी खळखळ वाजायचे, मग त्यांच्याभोवती रक्ताचे धागे गुंडाळले जाऊन आवाज बसायचा. "झालं जी," तो म्हणायचा. मग आम्ही चहा प्यायचो, मी पायरीवर, तो पाटलाजवळ. आठवड्यातला माझा मनापासून बोलायचा वेळ तेवढाच, आणि त्यातही निम्मं बोलणं मेंढ्याशी.

गोठ्याचा नियम एकच, पण कडक. या मेंढ्यांना कसलंही औषध द्यायचं नाही. औषध दिलं की ते रक्तात येणार, रक्तातून प्लेटमध्ये, आणि प्लेटवर माणसाचे जंतू उगवायच्या आधीच मरणार. मेंढा आजारी पडला की त्याला कळपातून काढायचा आणि लिलावात विकायचा. लिलावाला कसायांशिवाय कोणी येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादारावलाही होतं.

मी निवृत्त व्हायला थोडाच काळ राहिला होता तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी दादाराव गोठ्यावर नव्हता. हा माणूस कधी सुटी घेत नसे, म्हणून मी चौकशी केली, तर कळलं की गुडघा सुजलाय, ताप आहे, दवाखान्यात ठेवलंय. तब्येत बघायला म्हणून मी संध्याकाळी गेले. गुडघा नारळाएवढा झाला होता, वरची कातडी चकाकत होती, आणि दादाराव दात आवळून पडला होता. मला पाहून पहिला प्रश्न, "पाटलाले चारा कोन टाकून राहिलं?"

तिथले डॉक्टर तरुण होते, सरळ होते. म्हणाले, "मॅडम, गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. गढूळ आहे, पण प्लेटवर काही उगवलं नाही. पुन्हा लावून पाहिलं, तरी कोरीच. आधी कुठे अँटिबायोटिक घेतलं असेल असं वाटलं, पण हे म्हणतात एक गोळीही घेतली नाही. म्हणजे जंतूंचा प्रकार नाही, वाताचा आहे. उद्या सकाळी गुडघ्यात स्टेरॉइड देतो, सूज उतरेल."

स्टेरॉइडनं सूज उतरते हे खरं. पण आत जिवंत जंतू असतील, तर स्टेरॉइडनं शरीराची लढाई थंडावते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. सांधा सडतो, पाय जातो, कधी माणूसही जातो. डॉक्टरांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण त्यांच्या हातात कोरी प्लेट होती, आणि त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला होता. कुणीही ठेवला असता.

मी ठेवू शकले नाही, कारण मला तो पव्वा आठवला. आणि दुसरंही एक आठवलं. आम्ही नवीन रक्ताच्या प्लेटी ओतल्या की त्यांच्यावर आधी एक ओळखीचा नाजूक जंतू लावून पाहतो, तो उगवला की प्लेटी चांगल्या. या खेपेला तो जेमतेम उगवला होता. माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली होती, जंतूच जुना झालाय मॅडम, नवा मागवू. मीही मान हलवली होती. आता मी डॉक्टरांना विचारलं, तुमची लॅब रक्त कुठून घेते?

"तुमच्याकडूनच की!"

या खेपेचं रक्त पाटलाचं होतं.

मी पुन्हा दादारावच्या खाटेजवळ गेले. स्टूल ओढलं, बसले.

"दादाराव, पाटलाला इंजेक्शन दिलं का तुम्ही?"

"नाही जी."

"मागे तो लंगडत होता ना?"

"मेंढा हाय मॅडम. कधी लंगडते, कधी नाही लंगडत."

"माझ्याकडे बघून बोला."

तो छताकडे बघून राहिला. बाजूच्या खाटेजवळ बसलेली बाई डबा उघडता उघडता थांबली आणि आमच्याकडे कान देऊन बसली. मी आवाज खाली आणला आणि सगळं समजावलं. पाटलाच्या रक्तात औषध असेल तर तुमच्या गुडघ्याची प्लेट खोटी आहे. तसं असेल तर उद्याचं इंजेक्शन घ्यायचं नाही. नुसत्या माझ्या शंकेवर डॉक्टर थांबणार नाहीत, पाटलाचं रक्त तपासून पाहायला एक दिवस लागतो आणि तेवढा वेळ नाही. "काहून सांगत नाही मग? खरं सांगा, नाहीतर पाय जाईल तुमचा."

"अन् सांगतलं तं पाटील जाईन," दादाराव म्हणाला.

मग तो हळूहळू बोलायला लागला, छताशीच. "माह्या पायाचं काय हाय मॅडम. मले कुठं जा लागते? खाट ते गोठा, गोठा ते खाट. लंगडत जाईन. पन त्याले तं सकाळी मीच दिसतो ना. दुसऱ्यानं हाक मारली तं मानही नाही वर करत तो. त्या लिलावात त्याले वढत नेतीन, तं त्याले वाटन मीच बलावलं."

राग आला मला. एका मेंढ्यासाठी हा माणूस पाय द्यायला निघाला होता! आणि त्याच वेळी मनात आलं, माझ्यासाठी कुणी बोटाचं नखही देणार नाही. हे असं खाटेजवळ बसून मनात यायला नको होतं, पण आलं.

"पाटील कसायाकडे जाणार नाही," मी म्हणाले.

"तुमच्या हाती हाय का ते?"

"नाही. पण लिलावात मीच घेईन त्याला. घरी नेईन."

"वाडीले? अन् शेजारी?"

"एका बाजूला गोडाऊन आहे, दुसऱ्या बाजूला ट्रकवाल्यांच्या भाड्याच्या खोल्या. कोण काय म्हणणार?"

दादाराव हसला. हसताना गुडघा हलला म्हणून कळवळलाही. मग त्यानं सांगून टाकलं. पाटलाच्या मागच्या पायाचा सांधा सुजला होता, पू धरला होता. दादारावनं तो दाबून काढला, आणि त्याच्या बोटाला तेव्हा कडबा तोडताना झालेली चीर होती. मग गावाकडच्या जनावरांच्या दवाखान्यात ओळखीचा पट्टीबांधणारा होता, त्याच्याकडून त्यानं पेनिसिलिन आणलं आणि रोज टोचलं. पाटील बरा झाला. लगेच रक्त काढायची त्याची पाळी आली, आणि दादारावनं "चाल गा पाटील" म्हटल्यावर त्यानं मान वर केली.

मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते घरी निघाले होते. सगळं ऐकून त्यांनी बॅग खाली ठेवली. "म्हणजे औषध पेशंटनं घेतलं नव्हतं, मेंढ्यानं घेतलं होतं?"

"हो."

ते मोठ्यानं हसले, मग एकदम गंभीर झाले, आणि त्यांनी सकाळचं इंजेक्शन रद्द करून स्वतः पुन्हा गुडघ्यातलं पाणी काढून दिलं. मी ते घेऊन प्रयोगशाळेत आले. धाकट्या मेंढ्याचं रक्त काढायचं होतं, दादाराव नव्हता. त्या मेंढ्यानं मला दोनदा लाथ मारली, साडीला लेंड्या लागल्या, चौकीदाराला धरायला बोलवावं लागलं. चंबू मीच फिरवला. मण्यांचा आवाज बसला तेव्हा "झालं" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लाल प्लेटवर खसखशीएवढे बारीक ठिपके उगवले होते, प्रत्येकाभोवती रक्त विरघळून पडलेला फिकट गोल. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळा. मेंढ्यांच्या सांध्यात सापडणाराच जंतू. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पेनिसिलिन सुरू केलं. मग मी औषधांच्या टिकल्या लावल्या आणि त्याच्या पुढच्या सकाळी झाकण उघडलं. पेनिसिलिनच्या टिकलीभोवती एवढं मोठं वर्तुळ होतं की शेजारच्या टिकलीच्या वर्तुळात शिरलं होतं. सगळ्यात जुनं, साधं औषध! मला मोजता येईना, मोजायची पंचाईत झाली, आणि मला इतका आनंद झाला की मी प्लेट हातात घेऊन बाहेर आले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. पायरीवर कुणी नव्हतं. गोठ्यात पाटील होता, तो चारा खात होता. मी तिथे उभी राहून थोडी रडले, मग आत जाऊन मोबाईलवर फोटो काढला.

आधी सगळ्या लॅबना फोन करून त्या खेपेच्या प्लेटी फेकायला सांगितल्या. ज्यांच्या तपासण्या त्या प्लेटींवर कोऱ्या आल्या त्यांना परत बोलवा, असंही सांगितलं. किती जण परत आले, कोण सुटलं, मला कधी कळलं नाही. ती बोच अजून आहे.

संध्याकाळी दादारावला फोटो दाखवला. "हे काय व्हय?" म्हणाला.

"तुमच्या गुडघ्यातले जंतू. आणि ही टिकली पेनिसिलिनची. बघा केवढं मोकळं केलंय तिनं."

त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "म्हंजे पाटलाले जे देलं, तेच मले?"

"तेच."

"मंग मी बराबरच देलं होतं."

"बरोबर दिलं, पण सांगितलं नाही."

"सांगतलं असतं तं देऊ देलं असतं का?"

नियम बरोबर होता आणि दादारावही बरोबर होता, आणि मला दोन्ही एका वेळी बोलता आलं नाही. वरच्यांना मी सांगितलं की मेंढा माझ्या विभागाचा, जबाबदारी माझी. थोडी बोलणी खाल्ली. निवृत्तीला आलेल्या बाईला कोण किती बोलणार?

लिलावाच्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून कसायांच्या रांगेत उभी राहिले. ती माणसं खरंच सभ्य. एकानं मला खुर्ची आणून दिली. दुसरा म्हणाला, "मॅडम, बिर्याणी करून राहिल्या का? मग हा नका घेऊ, म्हातारा हाय, शिजत नाही." मी म्हटलं, मला म्हाताराच पाहिजे. ते एकमेकांकडे बघून हसले आणि कुणी बोली वाढवली नाही.

पाटील वाडीला आला. अंगणात, तगरीच्या झाडाखाली. अमरावती रोडचे ट्रक रात्रंदिवस जायचे, पण तो काही हलायचा नाही, नावाप्रमाणे. काही दिवस फक्त दाराकडे बघायचा. मग एकदा सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यासमोर उकिडवी बसले, गुडघे कुरकुरत, आणि त्यानं मान वर केली. मला काहीही नको होतं त्याच्याकडून. मी त्याच्या मानेवर हात ठेवला, शीर चालत होती. त्यानंतर रोजच मी तशी बसायला लागले.

दादारावचा पाय वाचला, गुडघा मात्र ताठ राहिला. वाकता येईना, तेव्हा मेंढे सांभाळणं सुटलं. तो निवृत्त होऊन उमरेडकडे गावी गेला. सुरुवातीला एसटीनं एकदोनदा आला. मग बसची पायरी चढवेना, तेव्हा रविवारी सकाळी फोन करायला लागला. "मॅडम, बरं हाय ना? पाटलाच्या कानाले लावा." मी फोन मेंढ्याच्या कानाशी धरून उभी राहायचे. आतून बारीक आवाज यायचा, "काय गा पाटील, जेवला का? मॅडमले तरास नको देऊ." पाटील कान हलवायचा. माझ्याशी दोन वाक्यं, त्याच्याशी कितीतरी वेळ. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मेंढ्याचा हेवा.

गेल्या थंडीत पाटील गेला. म्हातारा झाला होता. सकाळी मी चहा घेऊन बसले तर त्यानं मान वर केली नाही.

रविवारी फोन आला. मी सांगितलं. दादाराव म्हणाला, "तकलीप झाली का त्याले?"

"नाही. झोपेतच गेला."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

आता हा रविवारचा फोन यायचा नाही, हे मी समजून चुकले. जंतूंच्या नोकरीत गोष्टीचा शेवट कळत नाही, ही एक कळली, आणि आता तीही संपली. पुढच्या रविवारी सकाळी, वाट बघत बसायला नको म्हणून, मी फोन आतल्या खोलीत ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन नुसती बसले. स्वयंपाक करायचं मनात नव्हतं. एकटीसाठी काय करायचं रोज?

आतल्या खोलीत फोन वाजला. मी जाऊन उचलला.

"दादाराव," मी म्हणाले, "पाटील तर आता..."

"मालूम हाय जी. मले का भूल पडते का? तुमाले लावला." मग म्हणाला, "जेवल्या का?"

"हो."

"काय केलं होतं?"

काहीच केलं नव्हतं. मला हे शेवटचं कुणी विचारलं होतं ते आठवेना.

"थांबा," मी म्हणाले, "फोन ठेवू नका. भात टाकते, मग सांगते."

फोन खांद्याशी धरून मी तांदूळ धुतले, गॅस पेटवला, आणि ज्योतीसमोर उभी राहून त्याच्याशी बोलत राहिले.